पोस्टाने येणारं गाणं

(१९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खाऊन झाल्यावर भाषण ऐकायला बसणं म्हणजे शिक्षाच आहे, याची मला जाणीव आहे. संयोजकांनी मला सांगितलं, "अगं, तू जन्मभर ग्रंथालयात काढलास, तू वाचनावर बोल." वाचनावर बोलायला गेलं तर संध्याकाळची गाडी चुकेल. म्हणून मी त्यातला एक लहानसा कोपरा घेतला आहे. तो म्हणजे छापील संगीत मासिकं. आपल्यातल्या काहींनी ती शाळेत हाताळली आहेत, बाकीच्यांनी निदान गायनाच्या सरांच्या टेबलावर पाहिली आहेत.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगते, म्हणजे मधेच कोणाला डुलकी लागली तरी नुकसान नको. ही मासिकं मागे पडली म्हणून गाणं काही मागे पडलं नाही. गाणं आज पूर्वीपेक्षा जास्त आहे, खिशात आहे. हरवली ती गाण्याची नोंद. कोणी गायलं, कोणाकडून शिकून गायलं, कधी, कुठे, कशासाठी, हे सगळं नीट लिहून ठेवणारी जागा हरवली. आणि जी नोंद आधीच्या लोकांनी कष्टाने करून ठेवली, ती आज आपल्यासारख्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत आणि शाळेच्या कपाटात पडून आहे. ती वाचवायची की रद्दीवाल्याला द्यायची, हे ठरवायला आपल्याकडे फार वेळ उरलेला नाही. का, ते शेवटी सांगते.

आपलं साक्री कान नदीच्या काठचं, सुरत-नागपूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. रेल्वे नाही. धुळं पन्नासेक किलोमीटर. गाणं आपल्याकडे नव्हतं असं अजिबात नाही. श्रावणात कानबाईचे रोट असले की रात्ररात्र गाणी चालायची. आखाजीला झोक्यावर बसून बायका गात. भजनी मंडळं होती. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात डोंगऱ्यादेवाच्या दिवसांत पावरी वाजायची, अजून वाजते. पण ज्याला आपण शास्त्रीय संगीत म्हणतो, त्याची मैफल साक्रीत कधीमधीच व्हायची. ते गाणं आपल्यापर्यंत दोनच वाटांनी यायचं. एक रेडिओ, आणि दुसरी पोस्ट.

आपले गायनाचे सर स्वतःच्या पगारातून दोन मासिकांची वर्षाची वर्गणी भरायचे. मनीऑर्डरचा फॉर्म भरताना त्याच्या खालच्या तुकड्यावर बारीक अक्षरात लिहायचे, "मागील दोन अंक मिळाले नाहीत, कृपया पाठवावेत." अंक यायचा तो कागदाच्या पट्टीत गुंडाळून, वर पत्त्याची चिठ्ठी डकवलेली. कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे मिळून एकदम. सर आधी स्वतः वाचत. मग अंक शाळेच्या ग्रंथालयात जाई, आणि तिथून ज्याला हवा त्याच्या घरी, आठ दिवसांच्या बोलीवर. वर्ष संपलं की सर ते बारा अंक शिवून, पुठ्ठा लावून, पाठीवर साल घालून कपाटात ठेवत. ग्रंथालयशास्त्र शिकण्याच्या कितीतरी आधी बांधीव खंड म्हणजे काय ते मी त्यांच्याकडे पाहून शिकले. सर आज आपल्यात नाहीत. असते तर हे भाषण त्यांनीच जास्त चांगलं केलं असतं.

आता ही मासिकं कोणती, आणि त्यांच्यामागे कोण होतं?

मूळ शोधायला गेलं तर थेट लाहोरला जावं लागतं. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं शिकवायचं तर पुस्तकं हवीत, आणि स्वरलिपीत छापलेली पुस्तकं काढायची तर आपला छापखाना हवा, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून विद्यालयाबरोबर त्यांनी छापखाना घातला आणि 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिकही चालवलं. गवयाने मासिक काढायचं, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती, कारण विद्या घराण्याबाहेर जाऊ नये अशीच बहुतेकांची समजूत होती. हेच पलुसकर नंतर आपल्या शेजारी नाशिकला येऊन राहिले. तिथला रामनाम आधाराश्रम त्यांचाच. १९३१ साली ते मिरजेला वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपल्यापैकी ज्यांनी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा दिल्या, त्यांच्या प्रमाणपत्रावर याच मंडळाचं नाव आहे.

या मंडळाने १९४७ साली 'संगीत कला विहार' हे मासिक सुरू केलं. प्रा. बी. आर. देवधर अनेक वर्षं त्याचे संपादक होते. लहानपणी कुमार गंधर्व ज्यांच्याकडे शिकले तेच हे देवधर. त्यांची एक सवय होती. मोठा गवई भेटला की ते त्याच्याजवळ बसत, त्याला बोलतं करत, त्याची तालीम कशी झाली, गुरूने काय दिलं, काय दिलं नाही, हे सगळं विचारत, आणि मग मासिकात लिहीत. त्या लेखांचंच पुढे 'थोर संगीतकार' हे पुस्तक झालं. आज त्या जुन्या गवयांवर कोणी चार ओळी लिहितो, तेव्हा त्यातल्या दोन कुठून तरी देवधरांच्याच आलेल्या असतात. मासिकाला दर महिन्याला मजकूर लागतो म्हणून एक माणूस दर महिन्याला प्रश्न विचारत राहिला, आणि त्यातून ही माहिती शिल्लक राहिली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं मासिक हिंदी. उत्तर प्रदेशातल्या हाथरसहून १९३५ पासून निघणारं 'संगीत'. ते काढणारे प्रभुलाल गर्ग म्हणजे आपल्याला हास्यकवी म्हणून माहीत असलेले काका हाथरसी. दाढीवाले काका कविसंमेलनात लोकांना हसवत, आणि त्यांचं संगीत कार्यालय भातखंड्यांच्या मूळ मराठी ग्रंथांची हिंदी भाषांतरं छापत असे. त्या मासिकाचे विशेषांक जाडजूड असत. एकेका विषयाला वाहिलेले, तबला असेल तर सगळा अंक तबल्याचा. तबला शिकणारी मुलं तो अंक वर्षभर पुरवून वापरत.

याशिवाय इतर वाटाही होत्या. केशवराव भोळ्यांनी 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर लिहिलं, ते साप्ताहिकातून. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आलं आणि गाण्याविषयी मराठीत किती बारकाईने लिहिता येतं ते लोकांना कळलं. दिवाळी अंकांत संगीतावर एखादा तरी लेख असायचाच. सिनेमाच्या गाण्यांसाठी नाशिकचं 'रसरंग' होतं, ते सलूनमध्ये आणि चहाच्या टपरीवर हातोहात फिरायचं. आणि बाजारात आठ पानी गाण्यांची चोपडी मिळायची, ती आपण वहीच्या आत लपवून वाचली आहे. गुरुजनांनी आता रागवू नये, गुन्ह्याची मुदत संपली!

त्या संगीत मासिकात असायचं काय? पहिली गोष्ट स्वरलिपी. एखाद्या रागातली बंदिश, तालाच्या मात्रांत मांडलेली. ती छापणं म्हणजे खिळे जुळवणाऱ्याची सत्त्वपरीक्षा असे. साधा मजकूर जुळवणं वेगळं आणि प्रत्येक अक्षराच्या वर-खाली चिन्हं बसवणं वेगळं. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार सप्तकातल्या स्वरावर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. पलुसकर पद्धतीत सगळं निराळं. तिथे समेला एक हा आकडा, खालीला अधिकचं चिन्ह, आणि स्वरावर टिंब असेल तर तो मंद्र सप्तकातला. परीक्षेला दोन्ही पद्धती पाठ लागत. म्हणजे उन्हाळ्यात अंकावर माशी बसून ठिपका करून गेली, तर भातखंडे पद्धतीत स्वर एकदम वरच्या सप्तकात जायचा आणि पलुसकर पद्धतीत खालच्या. सर म्हणायचे, "आधी माशी ओळखा, मग स्वर ओळखा."

दुसरी गोष्ट वृत्तान्त. कुठल्या गावी कोणता उत्सव झाला, कोण गायलं, साथीला कोण होतं. आपल्याला त्या वेळी ती पानं कंटाळवाणी वाटायची. आज मला वाटतं की अंकातली सगळ्यात किमती पानं तीच. बंदिश पुस्तकात सापडेल. पण अमुक साली अमुक गावी तबल्याची साथ कोणी केली, हे त्या वृत्तान्ताशिवाय दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट मृत्युलेख. एखाद्या लहान गावात चाळीस वर्षं गाणं शिकवून गेलेल्या शिक्षकावर वर्तमानपत्र ओळही छापत नसे. मासिक अर्धं पान देई. चौथी गोष्ट पत्रव्यवहार. मागच्या अंकातला लेख चुकला असं सांगणारी पत्रं, आणि पुढच्या अंकात त्याला उत्तर. भांडण तीन-तीन महिने चाले, पण सगळं पत्त्यानिशी आणि सहीनिशी. आणि पाचवी गोष्ट जाहिराती. मिरजेच्या तंबोऱ्यांच्या, हार्मोनियमच्या, नव्या तबकड्यांच्या. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या जाहिराती आठवल्या. त्या वाचून तर आपल्याला कळायचं की तंबोरा भोपळ्याचा असतो आणि तो मिरजेला बनतो.

मैत्रिणींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, आणि मित्रांनीही ती ऐकावी. धुळ्याला किंवा जळगावला गाण्याचा कार्यक्रम असला तर मुलगे एस.टी.ने जाऊन पहाटे परत येत. आपल्याला कोण पाठवणार होतं? जळगाव म्हणजे बालगंधर्वांनी लहानपणी मेहबूब खाँकडे गाण्याचे पहिले धडे घेतले ते गाव, हे मला माहीत होतं. पण रात्रीच्या मैफलीसाठी मी जळगावला पहिल्यांदा गेले ते लग्नानंतर, तेही यजमानांना सुट्टी होती म्हणून. मासिकाला मात्र असला कुठलाच अडसर नव्हता. ते दुपारी पोस्टमनच्या हातून यायचं, आणि भांडी घासून झाल्यावर ओट्यावर बसून वाचता यायचं. मध्यमाचा शास्त्राचा पेपर मी त्याच्याच जोरावर दिला. आपल्या वर्गातल्या निदान चार-पाच मुलींचं गाणं असंच पोस्टाने आलेलं आहे. त्यांच्यापैकी एक आज स्वतः वर्ग चालवते. ती पहिल्या रांगेत बसली आहे, नाव घेतलेलं तिला आवडणार नाही.

मग हे सगळं मागे का पडलं? "मोबाइल आला आणि सगळं संपलं," असं म्हणणं सोपं आहे. ग्रंथालयात बसून मी जे पाहिलं, ते जरा वेगळं आहे. मोबाइल फार शेवटी आला.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. लंडनचं 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' हे साप्ताहिक १९५२ साली सुरू झालं. १९६४ मध्ये, बीटल्सच्या जोरावर, त्याचा खप तीन लाखांच्या वर गेला होता. २०१४ मध्ये तो पंधरा हजारांच्या आसपास आला. २०१५ मध्ये त्यांनी अंक फुकट वाटायला सुरुवात केली, आणि मार्च २०१८ मध्ये छापणंच थांबवलं. त्याआधी १९२६ पासून चालत आलेलं 'मेलडी मेकर' २००० साली त्यातच विलीन झालं होतं. 'क्यू' नावाचं मासिक २०२० मध्ये बंद पडलं. तिथे ग्राहक लाखांत होते, तरी ही गत. आपल्या मासिकांचा व्यवहार तर पहिल्यापासून चार-दोन पदरमोड करणाऱ्यांच्या खांद्यावर उभा होता.

आपल्याकडची पहिली झीज कॅसेटने झाली. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली. तोवर गाणं ऐकायला मिळत नाही म्हणून माणूस गाण्याविषयी वाचत होता. कॅसेट आल्यावर त्याला वाटलं, आता ऐकताच येतं, वाचायचं कशाला? दुसरी झीज परीक्षेने केली. परीक्षार्थी वाढले, पण त्यांच्यासाठी तयार उत्तरांची मार्गदर्शकं बाजारात आली. मासिक वाचून रागाची माहिती जमवायची गरज उरली नाही. आज माझ्या ओळखीतली किती तरी मुलं विशारदपर्यंत पोचतात, पण त्यांच्या घरी कुठलंही मासिक येत नाही.

तिसरी झीज पैशाची. कागद महागला, टपाल महागलं. जाहिरातदार दूरदर्शनकडे आणि पुढे इतरत्र गेले. शंभर रुपयांची वर्गणी दीडशे केली की दहा ग्राहक गळत, आणि गळलेले दहा भरून काढायला ती पुन्हा वाढवावी लागे. हा फेरा एकदा सुरू झाला की थांबत नाही. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'सत्यकथा'सारखं मातब्बर मासिक बंद झालं. साहित्याच्या मासिकाची ही स्थिती, तर संगीताच्या मासिकाचं काय सांगावं!

चौथी गोष्ट माझ्या नोकरीच्या काळातली, म्हणून जरा जपून बोलते. महाविद्यालयात प्राध्यापकांच्या बढतीसाठी छापलेल्या लेखांचे गुण मोजायला लागले. तेव्हापासून संगीतावरचे लेख उदंड झाले, पण ते वाचण्यासाठी कमी आणि मोजण्यासाठी जास्त. लेखकाला अंक हवा असे तो आपला लेख असलेलं पान आणि मुखपृष्ठ यांची झेरॉक्स काढण्यापुरता. साक्रीच्या ओट्यावर बसून वाचणारी मुलगी त्या लेखकाच्या नजरेसमोर राहिली नाही. मासिक मरतं ते ग्राहक कमी झाल्याने, हे खरं. पण लिहिणारा वाचकाला विसरला की त्याआधीच त्याचा जीव गेलेला असतो.

मोबाइल आणि स्वस्त डेटा आला तो या सगळ्यानंतर, २०१६ च्या सुमारास. आणि २०२० च्या टाळेबंदीत छापखाने आणि टपाल दोन्ही थबकले. तेव्हा अनेक लहान मासिकांनी जो अंक थांबवला, तो पुन्हा निघालाच नाही.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल, जेवतानाही एकाने मला तेच विचारलं, "अगं, यूट्यूबवर सगळं आहे, रडतेस कशाला?" त्याचा मुद्दा खोटा नाही. मी तो अर्धा मान्य करते. आपल्या जुन्या मासिकांनी मैफलीच्या गाण्याला पान दिलं, पण पावरीला दिलं नाही. आखाजीच्या गाण्यांना दिलं नाही. अहिराणी गाण्यांची तर दखल नव्हतीच. संपादकांच्या लेखी ते संगीत नव्हतं, लोकसाहित्य होतं. आज अहिराणी गाणं मोबाइलवर लाखो लोक ऐकतात, आणि त्यासाठी कोणा संपादकाची परवानगी लागत नाही. हे चांगलंच झालं. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायला मी इथे उभी नाही.

पण उरलेला अर्धा मुद्दा ऐका. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ग्रामोफोनवर भरलं गेलं. गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगे. कारण साधं होतं. तबकड्या जर्मनीत बनत, आणि तिथे लेबल लावणाऱ्यांना हे गाणं कोणाचं ते कळायला हवं होतं. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून गाण्याबरोबर नाव जाईल याची व्यवस्था करावी लागली. आज मोबाइलवर गाणं येतं ते बऱ्याचदा नावाशिवाय येतं. गाणारी बाई कोण, गाणं बांधलं कोणी, ढोलकीवर कोण, गाव कोणतं, काही पत्ता नाही. कानबाईची तीच गाणी पुन्हा पुन्हा पुढे पाठवली जातात, आणि ज्या म्हातारीच्या तोंडून ती मुळात टिपली तिचं नाव पहिल्याच फेरीत गळून पडतं. मासिकाने पावरीला पान दिलं नाही, हा त्याचा दोष. पण ज्याला दिलं त्याचं नाव, गाव आणि साल पक्कं लिहून ठेवलं, हा त्याचा गुण. तो गुण आपण उचलला आणि नव्या गाण्याला लावला, तर दोन्हीकडचं भलं होईल.

जुन्या अंकांचा आज उपयोग काय, याचं एक उदाहरण देते. रेडिओचं कार्यक्रमपत्रक १९२७ पासून निघत होतं. आधी 'इंडियन रेडिओ टाइम्स', १९३५ पासून 'इंडियन लिसनर', आणि १९५८ पासून 'आकाशवाणी'. त्यात कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या केंद्रावर कोण गाणार, एवढंच असे. तो अंक जुना झाला की त्याची पुडी बांधली जाई. आज त्याच अंकांच्या प्रती संगणकावर उपलब्ध झाल्या आहेत, आणि कोणता गायक कोणत्या साली रेडिओवर काय गात होता हे अभ्यासक त्यातून शोधतात. मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० पासून आहे. त्यांनी 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक काढलं. त्या मंडळींकडे ना मोठं अनुदान, ना मोठी इमारत. हौस होती आणि यादी करायची शिस्त होती.

आणि उदाहरणासाठी मुंबईला तरी कशाला जायचं? आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे गेले ते १९२६ च्या ३१ डिसेंबरला. पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरं सांभाळायला. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं गोळा केली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. कोणाच्या तरी माळ्यावरचा कागद मागून आणायचा, झटकायचा आणि नोंद करून ठेवायचा, ही खानदेशची जुनी सवय आहे. आपल्याला नवीन काही शिकायचं नाही.

आता आपल्या कपाटाकडे येते. काल मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी ग्रंथालयातलं तळाचं कपाट उघडलं. सरांनी शिवलेले एकोणीस खंड तिथे आहेत. चार कसरीने खाल्ले आहेत, एकाला खालून ओल लागली आहे, बाकीचे बरे आहेत. कागद पिवळा आणि ठिसूळ झाला आहे, टाचण्या गंजल्या आहेत. पण त्यात मला असं काही दिसलं, जे दुसऱ्या कुठल्याही ग्रंथालयातल्या प्रतीत मिळणार नाही. सरांनी समासात पेन्सिलने नोंदी केल्या आहेत. एखाद्या बंदिशीशेजारी, "रेडिओवर ऐकली," आणि पुढे तारीख. एका गवयाच्या मृत्युलेखाशेजारी, "यांना शेवटचं ऐकलं," आणि त्याचीही तारीख. साक्रीसारख्या गावात बसलेल्या एका माणसाने वीस वर्षांत काय ऐकलं, काय वाचलं आणि कशाशी काय ताडून पाहिलं, याचा तो दस्तऐवज आहे. आणि प्रत्येक खंडाच्या मागे अंक नेणाऱ्यांच्या नावांची पट्टी आहे. तुमच्यातल्या अनेकांची नावं त्यावर आहेत. दोघांनी अंक परत केल्याची नोंद नाही, ती नावं मी आत्ता वाचत नाही!

येत्या उन्हाळ्यात जुनी इमारत पाडणार आहेत. नवीन इमारत व्हायला हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या सामानाबरोबर ही कपाटंही निघतील, आणि किलोवर विकली जाणाऱ्या कागदात हे खंडही जातील. मी सुरुवातीला म्हटलं की फार वेळ नाही, ते यासाठी.

म्हणून माझी चार कामं आहेत. भाषण विसरलात तरी चालेल, ही कामं विसरू नका.

पहिलं काम, हे एकोणीस खंड इमारत पडायच्या आत बाहेर काढून कोरड्या जागी ठेवणं. मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. वर्गातल्या दोघांनी घरची खोली द्यायची तयारी दाखवली आहे. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कडुनिंबाचा पाला घालायचा, आणि खंड उभे ठेवायचे, एकावर एक रचायचे नाहीत.

दुसरं काम, आपापल्या घरी बघणं. आईच्या ट्रंकेत, वडिलांच्या फडताळात, भजनी मंडळाच्या पेटीशेजारी जुना संगीताचा अंक, गाण्याची चोपडी, कार्यक्रमाची पत्रिका असेल तर फेकू नका. सुटा अंक असला तरी चालेल. आपल्या खंडांत जे अंक कमी आहेत, त्यांची यादी त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना नजर टाका.

तिसरं काम, या खंडांच्या संगणकीय प्रती करणं. इथे थोडं कायद्याचं बोलते. ज्याची मूळ छापील प्रत ग्रंथालयाकडे आहे, तिची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवायला ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. पण ती प्रत सगळ्या जगाला वाटायची तर प्रकाशकाची परवानगी हवी, कारण लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. म्हणून आधी जतन करू, मग परवानगी मागू. आणि प्रत करताना मोबाइलने घाईघाईत फोटो काढू नका. स्वरलिपीतलं एक टिंब पुसट झालं तर सप्तक बदलतं. चांगल्या स्कॅनरवर, सावकाश, पानापानाने करायचं हे काम आहे. आपल्यातले सहा-सात जण निवृत्त आहेत, मुलं पुण्या-मुंबईला आहेत, दुपार मोकळी असते. महिन्यातले दोन दिवस पुरतील.

चौथं काम जरा लांबचं, पण मला सगळ्यात जवळचं. मासिकांनी ज्यांना पान दिलं नाही, त्यांची नोंद आपण करायची. आपापल्या गावातल्या आखाजीच्या, कानबाईच्या गाण्यांसाठी एक वही घाला. गाणं, गाणारीचं नाव, तिचं माहेर, ती कोणाकडून शिकली, आणि तारीख. पश्चिम पट्ट्यात आपले जे वर्गमित्र शिक्षक होते, त्यांनी पावरी वाजवणाऱ्यांची नावं लिहून काढावीत. गाणं मोबाइलवर टिपा, जरूर टिपा. पण आधी नाव बोलून घ्या, गौहर जानसारखं. मग गाणं.

यातून नवीन मासिक सुरू करा असं मी म्हणत नाही. वर्गणी गोळा करायचं वय आपलं राहिलं नाही, आणि पोस्टाची ती वाटही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पण मासिक जे काम करत होतं, ते आपल्या गावापुरतं आपण करू शकतो. आज इथे बसलेल्या आपल्या गुरुजनांनी आपल्याला वहीच्या पहिल्या पानावर नाव, इयत्ता आणि तारीख लिहायला शिकवलं. तेवढंच करायचं आहे, फक्त आता ते दुसऱ्याच्या नावासाठी करायचं आहे.

यादी टेबलावर आहे, शेजारी पेन आहे. खंड हलवायला शनिवारी सकाळी नऊ वाजता यायचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी यादीखाली नाव लिहा.